पदराने पुसलेली काच

एका आईला आज सूक्ष्मदर्शकाची काच पदराने पुसताना पाहिलं.

लहान मुलांच्या मेंदूत गाठी कुठल्या जनुकांमुळे होतात, हे आम्ही प्रयोगशाळेत शोधतो. या बाईंची मुलगी त्याच आजाराने गेली. तिच्या गाठीतल्या पेशी मात्र आमच्याकडे जिवंत आहेत. त्या वाढल्या तरच औषधं तपासता येतात, म्हणून वाढल्या की आम्ही खूश होतो. बाई बघायला वाकल्या तेव्हा मी सवयीने बोलून गेलो, "बघा, किती छान वाढल्यात."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग काच पुसत म्हणाल्या, "ओली झाली हो. तुमचं काम खोळंबायला नको."

शरमेने त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी काचेला डोळा लावला. आणि लावताक्षणी, कालच्यापेक्षा किती वाढल्यात तेच बघू लागलो.