लालीभोवतीची रेष

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पाच दिवस झाले होते. ड्रेसिंगच्या कडेला लाली दिसली, तेव्हा सिस्टरांनी खिशातलं निळं बॉलपेन काढलं आणि त्या लालीभोवती पायावरच रेष ओढली. "उद्या लाली या रेषेबाहेर गेली, तर डॉक्टरांना बोलवायचं." मला गंमत वाटली. एवढी यंत्रं असलेल्या दवाखान्यात हे निदान साध्या पेनावर चाललं होतं!

सकाळी रेष गायब. आईने ओल्या नॅपकिनने घासून पुसली होती. "शाई लागली होती गं पायाला," ती म्हणाली.

"आता लाली वाढली की नाही, कसं कळणार आजी?" सिस्टर हसल्या.

खरंच, कालची कड ठाऊक नसेल तर आजचं वाढणं दिसतच नाही. गुडघ्यामुळे आई जिन्यात मध्येच थांबायला लागली ती नेमकी कधीपासून? दुखतंय का, असं मी विचारायचे, ती "काही नाही गं" म्हणायची, आणि माझं तेवढ्यावर भागायचं.

सिस्टरांनी नवी रेष ओढली आणि पेन आईच्याच हातात दिलं. "आजी, दुखतंय कुठपर्यंत, ते तुम्ही काढून दाखवा."

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून तिने सावकाश रेष ओढली. ती लालीच्या बाहेर चांगली वीतभर, पार मांडीपर्यंत गेली.

सिस्टर लगबगीने डॉक्टरांना बोलवायला गेल्या. मी दोन रेषांमधल्या जागेकडे बघत बसले. तिथली कातडी अगदी नेहमीसारखी दिसत होती.