अक्काच्या बोळातली तार

गवंडी लोक त्याला ‘ओळंबा’ म्हणत. भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला दोरीला बांधून सोडतात त्या वजनाचं नाव या वायरमनला चिकटलं, कारण त्याच्या हातची तार भिंतीत कधी तिरकी गेली नाही. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी नाव सुटलं नाही. त्याला अजून ‘धाकट्या’ म्हणणारं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर अक्कानेच त्याला वाढवलं. त्यामुळे चारचौघांत ताठ असणारा ओळंबा तिच्यासमोर आजही जरा वाकूनच उभा राहायचा.

अक्का आता एकटी राहत होती आणि तिची नजर अधू होत चालली होती. मागच्या महिन्यात न्हाणीघराकडे जाणाऱ्या बोळातल्या पायरीवरून ती पडली. मनगटावर निभावलं. परगावी नोकरीला असलेला मुलगा धावत आला आणि म्हणाला, “आई, आता माझ्याकडे चल.” मुलगा गुणाचा, सून मायाळू, नाही म्हणायला तोंड नव्हतं. पण अक्काला आपलं घर सोडायचं नव्हतं. ती नुसती ताटावर बसून घास चिवडत राहिली.

ते ओळंब्याला बघवेना. “मला आठवडाभर दे,” तो भाच्याला म्हणाला. “बोळात जमिनीलगत छोटे दिवे लावतो. तिला पायरी दिसली म्हणजे झालं ना?”

“आणि एवढं करून नाही जमलं तर, मामा?”

“तर तिचं सामान मी माझ्या हाताने बांधून देईन.”

भाच्याने रजा वाढवली आणि मदतीलाही उभा राहिला. ओळंबा भिंतीवर पेन्सिलीने रेघा मारू लागला तसा तो म्हणाला, “या कोपऱ्यातून त्या दिव्याकडे तिरकी नेली तर निम्मी तार वाचेल की.”

“वाचेल. आणि उद्या कुणी तसबिरीसाठी खिळा ठोकला की तो नेमका तारेत बसेल. बोर्डापासून आडवी, दिव्यापाशी सरळ खाली. मग बघणाऱ्याला न सांगता कळतं की तार कुठे असणार.”

“पण हे दिवे बाराच व्होल्टचे ना? त्याने काय होतंय?”

“झटका बसणार नाही. म्हणून काय वाटेल तशी कोंबायची? घरातल्या मोठ्या तारांच्या पाइपात ही घालायची नाही. भिंतीच्या आत जोड द्यायचा नाही. आणि फार बारीक घेतली की शेवटचा दिवा मिणमिणतो. आपला शेवटचा दिवा पायरीवर आहे, बाबा.”

घरच्या विजेचे बारा व्होल्ट करून देणारी ट्रान्सफॉर्मरची डबीही भिंतीत गाडून टाकावी, दिसायला बरं, असं भाच्याचं मत. मामाने ती स्वयंपाकघरात उघड्या फळीखाली बसवली. “बिघडली तर काय भिंत फोडू? तिथे हात पोचला पाहिजे आणि तिला वाराही लागला पाहिजे.”

“ऐक रे,” अक्का खोलीतून म्हणाली, “लहानपणी याला मी अंघोळीला ओढत न्यायची. आता डबीला वारा घालतोय!”

बोर्ड अक्काच्या सोयीने कमरेइतका खाली होता, म्हणून आडवी तारही त्याच उंचीने जायची होती. तिथे आधीच्या कुणा वायरमनने जुन्या तारेवर थापलेला गिलावा होता. चांगला बोटभर वर आलेला, ओबडधोबड, तेलकट काळा पडलेला. “कुणा आंधळ्याने केलंय हे काम!” ओळंबा बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

सगळ्यांत मोठ्याने अक्काच हसली. “आंधळ्याचं काम आंधळीच्या घरात! काढून टाक ते.”

त्याने ते खरवडून काढलं. पाइप बसवला, तार ओढली, भिंत बंद करायच्या आधी सगळे दिवे लावून बघितले. मग गिलावा घोटून घोटून असा गुळगुळीत केला, की रंग वाळल्यावर तार कुठून गेली हे त्याचं त्यालाही सापडलं नसतं. हीच त्याची शान होती.

संध्याकाळी पडदे ओढून दिवे लावले. बोळाच्या कडेला मऊ पिवळा उजेड पसरला. “छान दिसतंय हो,” म्हणत अक्का निघाली. दोन पावलं नीट टाकली. मग तिचा डावा हात भिंतीवर गेला, खालीवर फिरला, पुन्हा फिरला, कुणीतरी हात सोडून दिलेल्या मुलासारखा. पायरी अजून पुढे होती, तरी तिने पाऊल खाली टाकलं आणि तोल गेला. भाच्याने तिला झेललं.

“मामा, तुम्ही खूप केलंत,” तो हळूच म्हणाला. “पण रविवारी आपण निघू.” आणि बायकोला फोन करायला तो बाहेर गेला.

अक्का पायरीवरच बसली. ओळंबा तिच्या शेजारी बसला.

“अक्का, काय शोधत होतीस?”

“कुणास ठाऊक. भिंत परकी वाटली रे.” तिने पदराने हात पुसले. “खरं सांगू? मला दिवसासुद्धा धड दिसत नाही. उजेड कळतो, काळोख कळतो, बस. मुलाला सांगितलं असतं तर त्याच दिवशी घेऊन गेला असता.”

“मग इतके दिवस चालायचीस कशी?”

“चालायची आपली. पडले त्या दिवशी दोन्ही हातांत धुतलेले कपडे होते.”

ओळंब्याने भिंतीकडे बघितलं. खरवडून काढलेल्या गिलाव्यावरचा तो काळा तेलकटपणा म्हणजे अक्काचा हात होता, वर्षानुवर्षं त्या उंचवट्यावरून फिरलेला. तिच्या हाताची वाटच त्याने घोटून सपाट केली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या हाताने आपली शान मोडली. तारेच्या बरोबर वर, बोर्डापासून आडवी, लवकर वाळणाऱ्या गिलाव्याची करंगळीएवढी जाड, गोलसर रेघ ओढली. पायरीच्या एक पाऊल अलीकडे ती थांबवली आणि पायरी उतरल्यावर पुन्हा सुरू केली. गवंड्यांनी बघितली असती तर हसून हसून लोळले असते.

संध्याकाळी भाचा बाहेरून परत आला तेव्हा तो काही बोलायच्या आत अक्काच म्हणाली, “थांब. मी तुझ्यापासून लपवलं. मला दिवसाही अंधुकच दिसतं. आता बघ, आणि मग काय ते ठरव.”

तिने रेघेवर हात ठेवला. न अडखळता चालली. रेघ संपली तशी थांबली, उजेडाच्या कडेने पाय चाचपला, उतरली, पलीकडची रेघ धरली आणि न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

भाच्याने चपला काढल्या, डोळे घट्ट मिटले आणि भिंतीवर हात ठेवून तोही निघाला. रेघ संपल्यावर तो थबकला. बराच वेळ तिथेच उभा राहिला.

“उतर रे,” पलीकडून अक्का म्हणाली. “मी आहे इथे.”

तो उतरला. डोळे उघडले तेव्हा ओले होते. “रोज सकाळी फोन उचलायचा,” तो म्हणाला. “नाही उचललास तर त्याच दिवशी येऊन घेऊन जाईन.”

“उचलते. आणि चालताना हातात कपडे घेणार नाही. झालं?”

भाच्याने मान हलवली आणि मामाकडे वळला. “ही रेघ न्हाणीघराच्या आतही न्या. तिथे तिला धरायला काहीच नाही.”

“नेतो की. नुसती रेघच नेईन, तार नाही. पाण्याच्या जागेचे नियम वेगळे. आत...”

“तुझे नियम चहानंतर सांग, धाकट्या,” म्हणत अक्का भिंतीला हात लावून स्वयंपाकघराकडे निघालीसुद्धा.