चिमीसाठी खेळणं

"आधी नख लावून बघा!" दुकानात कुणी कुत्र्याचं खेळणं हातात घेतलं की आबा भुशाच्या पोत्यावरून ओरडायचे. बारामतीत माझं पशुखाद्याचं दुकान आहे, दूध काढायच्या मशीनचे सुटे भागही ठेवतो. आबा पणदऱ्याहून एसटीने यायचे, किलोभर काहीतरी घ्यायचे आणि तासभर बसायचे. गिऱ्हाईक माझं, सल्ला त्यांचा. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीच्या दुकानात असेल.

अंगठ्याचं नख रुतलं नाही की खेळणं परत फळीवर. "दगड हाय ह्यो. दात जाईल बिचाऱ्याचा." शिवाय ते तोंडापेक्षा मोठं हवं, गिळता येता कामा नये. एका साहेबांनी कुत्र्याला शिजवलेलं हाड देतो म्हटल्यावर, ते फुटून आतड्यात टोचतं म्हणून आबांनी त्यांना असं झापलं, की ते काही न घेताच निघून गेले. मी वैतागलो.

"आबा, माझा धंदा बसवणार तुम्ही!"

"बसू दे की. कुत्रं तर जगंल."

त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. "तवा आमच्या कुत्र्यांचं खेळणं म्हंजे लांडगा," असं म्हणून स्वतःच हसायचे.

चिमी ही त्यांच्या मुलाची लॅब्रेडोर. मुलाला पुण्यात नोकरी लागली, तिथल्या सोसायटीत कुत्रं चालेना, म्हणून ती आबांकडे आली. बायको गेल्यापासून आबा एकटेच. बापलेकाचं कधी फारसं पटलं नव्हतं, पण चिमीला बघायला मुलगा रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करू लागला. आबा फोन तिच्या तोंडासमोर धरायचे आणि मागून आपणही डोकावायचे.

"तिच्यापायी मला बी दोन शब्द मिळत्यात," ते एकदा हसत म्हणाले.

एका दुपारी मी दूध काढायच्या मशीनची जुनी रबरं टाकायला काढली होती. गाईच्या सडाला लावायच्या कपात असते ती नळी. आबांनी एक उचलली. नख छान रुतलं. वीतभर लांब, म्हणजे गिळायची भीती नाही. वर दुधाचा वास.

"न्या की, चिमी खूश होईल," मी म्हणालो. मीच म्हणालो. जुन्या रबराला चिरा पडून तुकडे निघतात, म्हणूनच तर ते बदलायचं असतं. हे मी गोठेवाल्यांना रोज सांगतो. त्या दिवशी मला ते आठवलं नाही, आणि दुधाच्या वासाची वस्तू कुत्रं नुसतं चघळत बसणार नाही, हे आबांच्याही ध्यानात आलं नाही.

चार दिवसांनी चिमी उलट्या करायला लागली. आबांना वाटलं, ऊन लागलं असेल. शेवटी मी आणि आबांनी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट उघडलं तेव्हा आतड्यात रबराचे तुकडे अडकले होते. ती टेबलावरच गेली. मी रडलो. आबा नुसते तिचा पाय धरून उभे राहिले.

त्या संध्याकाळी त्यांना घरी सोडायला गेलो, तेवढ्यात फोन वाजला.

"आबा, चिमीला दाखवा की."

"झोपलीय रं."

"उठवा ना."

"नगं. दमलीय लई."

पुढचे आठ दिवस ती झोपलेलीच होती. शेवटी मुलाने मला फोन केला आणि मी खरं सांगितलं. रबर माझ्या दुकानातलं होतं, हेही सांगितलं. तो म्हणाला, "आबांना एवढंपण जमलं नाही."

आबा दुकानात यायचे थांबले. महिन्याभराने मीच पणदऱ्याला गेलो. दिवस मावळत होता. ते ओट्यावर बसले होते, फोन मांडीवर. बरेच वाळले होते. मी घाबरतच विचारलं, पुण्याहून फोन येतो का.

"न्हाय," आबा म्हणाले. "आता कुणाला बघायला करंल त्यो?"