दहा मिनिटांत माणूस येतोय

आमच्या धंद्यात थोडं खोटं बोलावं लागतं, आणि ते भाचीला मीच शिकवलं.

भाऊजी आणि मी लिफ्ट दुरुस्त करतो. रस्त्याला लागून दोन खोल्या आहेत. मागच्या खोलीत तारा, ब्रेकचे पट्टे आणि ताईची बडबड, पुढच्या खोलीत टेबल, टेबलावर फोन आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या इमारतींच्या किल्ल्या. फोनवर तीन वर्षांपासून भाची बसते. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की आतल्या पाटीवरचा नंबर फिरवतात, तो इथे वाजतो. दुसरी रिंग पुरी व्हायच्या आत उचलायचा. किती जण आहात, कुठल्या दोन मजल्यांच्या मध्ये, हे विचारायचं, आणि म्हणायचं, "दहा मिनिटांत माणूस येतोय, दाराशी झटू नका." मग फोन ठेवायचा, लाइन मोकळी हवी. मिस्त्री गावाच्या दुसऱ्या टोकाला असला तरी दहाच मिनिटं. खरा वेळ सांगितला की शहाणी माणसंसुद्धा दार उचकटतात आणि फटीत पाय घालतात. दहा मिनिटांनी पुन्हा फोन आला, तर पुन्हा दहा मिनिटं.

भाचीला आम्ही ओळंबा म्हणतो. दोरीला टांगलेलं ते वजन, ज्यावरून लिफ्टचे रूळ सरळ आहेत का ते बघतात. लहानपणी तिचं ते एकमेव खेळणं होतं, आणि स्वभावही तसाच, एकदा स्थिर झाली की कुणी हलवू नये. बारा वर्षांची असताना एका गच्चीवरून मी तिला लिफ्टचा कूप, लिफ्ट वरखाली जाते ती विहीर, वरून खाली दाखवला. मला वाटलं घाबरेल. ती म्हणाली, "मामा, इमारतीच्या पोटात एवढी पोकळी आहे, आणि राहणाऱ्यांना पत्ताच नाही." तेव्हापासून तक्रारीच्या कागदांच्या पाठीवर जिने, खिडक्या, कूप. अर्थातच तिला आर्किटेक्चर हवं होतं, आणि अर्थातच अर्ध्या जगालाही तेच हवं होतं. विद्यापीठात त्याच्या जागा चाळीस. ओळंबा वेटिंगवर, अकरावी.

"अगं, अकरावा खेळाडूही मैदानातच असतो," मी म्हटलं. ती हसली. त्यानंतर तिचं हसू फारसं पाहिलं नाही.

वेटिंग म्हणजे तळ्यात ना मळ्यात. त्यात दुसऱ्या एका कॉलेजात गणिताची जागा पक्की मिळत होती, पण होकार बुधवारी पाचपर्यंत कळवायचा, आणि तिथे हो म्हटलं की इथल्या यादीतून नाव जाणार. भाऊजींचं म्हणणं एकच, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. ताई दिवसभर दोन्ही बाजूंनी बोलायची. ओळंबा मात्र मिठाची गुळणी धरून. नंबर सरकत होता. सहा झाला, चार झाला, मंगळवारी तीन.

मंगळवारीच तिने विद्यापीठात फोन लावला. मी समोर बसून लिफ्टच्या दाराच्या कुलपात तेल घालत होतो. कारकुनाचा आवाज मलाही ऐकू येत होता. "हलते हो यादी. दरवर्षी हलते. एक-दोन दिवस थांबा." किती जण सोडून जातात, नक्की कधी कळेल, तिने विचारून पाहिलं. तो ताकास तूर लागू देईना. एक-दोन दिवस थांबा, एवढंच.

तिने फोन ठेवला. "मामा, हा आपल्यासारखंच बोलतो."

"म्हणजे?"

"दहा मिनिटं."

तेव्हाच माझी जीभ झडायला हवी होती. मी म्हटलं, "तुझं आपलं काहीतरीच. तीन तर राहिलेत. घोडामैदान जवळच आहे. थांब."

घरात तिचा विश्वास सगळ्यांत जास्त माझ्यावर. बुधवारी पाच वाजता ती एका आजोबांशी बोलत होती. ते सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये अडकले होते. तिने घड्याळाकडे पाहिलं, आजोबांना दहा मिनिटं सांगितली, फोन ठेवला आणि कागदावर इमारतीचं नाव लिहिलं. गणिताच्या कॉलेजला तिने कळवलं नाही.

शुक्रवारी नंबर एक झाला. सोमवारी मेसेज आला, यादी बंद.

तिने तो ताईला वाचून दाखवला, मोबाइल पालथा ठेवला आणि वाजणारा फोन उचलला. दुसरी रिंग पुरी व्हायच्या आतच. मला वाटलं, रडेल, भांडेल, माझ्या अंगावर काहीतरी फेकेल. काही नाही. समोर ठेवलेलं जेवायची, उठायची, आवाज पहिल्यासारखाच. फक्त कागदांच्या पाठी कोऱ्या राहू लागल्या. ताई म्हणाली, पोरगी समजूतदार आहे. मला ते समजूतदारपण बघवेना. मी कुलपं पुसत बसायचो, पुसलेलीच पुन्हा. माझंही डोकं बधिर झालं होतं. माफी मागायची तर कशाची, धीर दिल्याची?

असे दोन आठवडे गेले. एका दुपारी फोन वाजला. एक बाई, एकटी, चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये. भाऊजी दुसऱ्या कामावर, म्हणजे मीच जाणार. ती इमारत पुलापलीकडे, आणि पुलावर काम चालू. चाळीस मिनिटांच्या आत पोहोचणं शक्य नव्हतं. मी किल्ली काढली आणि सवयीने दोन्ही हातांची बोटं तिला दाखवली, दहा.

तिने माझ्या बोटांकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"चाळीस मिनिटं लागतील," ती फोनवर म्हणाली. "नाही, लवकर नाही होणार. हवा येत राहते, काळजी नको. खाली बसून घ्या. दाराला हात लावू नका, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये आहे. मी फोन ठेवत नाही."

मी वाटभर चरफडत गेलो. लाइन अडवली, नियम मोडला, आता ती बाई दार उचकटून बसली असेल. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत ब्रेक सैल करून हाताने चाक फिरवलं, लिफ्ट पाचव्याला आणली, दार उघडलं. बाई जमिनीवर बसलेली, चपला बाजूला काढून, मोबाइल कानाला. घड्याळ बघून म्हणाली, "बेचाळीस. तुमच्या मुलीनं सांगितलं तेवढंच." आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

"ओळंबा," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी..."

पुढचे शब्द जिभेवर तयार होते. नक्की होईल, धीर धर. आयुष्यभर तेच विकलं मी.

"पुढच्या वर्षीचं मला काही माहीत नाही गं," मी म्हटलं. "तेव्हाही नव्हतं. थांब म्हणायला नको होतं मी."



"हं," ती म्हणाली. "आता ठेव, मामा. लाइन मोकळी हवी."