बॉनेटखालची गाठ

रस्त्यात जुनी पिकअप दिसली की माझी नजर आजही आधी तिच्या बॉनेटकडे जाते. निवृत्त होऊन काही वर्षे झाली. बरीच प्रकरणे विसरलो. काहींचे आरोपी आता समोर आले तरी ओळखू येणार नाहीत. हे एक प्रकरण मात्र मनातून जात नाही. यात मी कुणाचेही नाव लिहीत नाही, ठाण्याचेही नाही. मी फार मोठा तपास केला असाही कुणाचा समज होऊ नये. तपास खरे तर एका बाईने केला. मी तिच्या मागून गेलो, आणि तेही उशिरा.

तेव्हा मी भोपाळच्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. सकाळची हजेरी आटोपून मी कागद घेऊन बसलो होतो, तेवढ्यात पस्तिशीची एक बाई आली. आमच्यासारखेच विदर्भातून नोकरीच्या निमित्ताने इथे येऊन राहिलेले ते घर. तिच्या नवऱ्याची स्वतःची पिकअप होती. जुनी, पण मोठी आणि दणकट. भोपाळजवळच्या मंडीदीपच्या कारखान्यांतून तो माल उचलायचा. आदल्या दिवशी सकाळी भाडे आहे म्हणून गेला, तो परतला नव्हता. फोन बंद होता.

आमच्याकडे अशा नोंदीला 'गुम इंसान' म्हणतात. ती नोंद झाली. गाडीचा नंबर टोलनाक्यांना आणि शेजारच्या ठाण्यांना कळवला. फोनचे शेवटचे ठिकाण मंडीदीपच्या पुढे होते, मग काही नाही. मी त्यांच्या घरी गेलो. शेजाऱ्यांनी सांगितले की दोन दिवसांपूर्वी नवराबायकोचे कडाक्याचे भांडण झाले होते. बाईने ते लपवले नाही. "भाऊबीजेलाही गाडी घेऊन निघाले होते. मी म्हटलं, गाडीशीच लग्न लावायचं होतं ना मग. बस, एवढंच."

आत खाटेवर त्याची म्हातारी आई होती. दोन्ही डोळ्यांनी अधू, अंथरुणाला खिळलेली. ती म्हणाली, "हिच्या तोंडामुळे गेला माझा पोरगा. गुजरातला निघून जाईन म्हणायचा. गेला."

ठाण्यात परत येऊन मी रोजनामच्यात, म्हणजे ठाण्याच्या दैनंदिन नोंदवहीत, लिहिले की सदर इसम घरगुती वादातून स्वतःहून निघून गेल्याचे दिसते. माझ्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. वडिलांना सही येत नव्हती, त्यामुळे लिहिलेल्या शब्दावर माझा फार विश्वास. एकदा ती ओळ कागदावर आल्यावर मलाही ती खरीच वाटू लागली. ठाण्यात रोज नवी कामे येतात. ती फाईल हळूहळू खाली गेली.

बाई दर सोमवारी यायची. कामगारांचे डबे पोचवून आली की बाकावर बसायची. ठाण्याची लिखापढी सांभाळणारा आमचा मुंशी मला हाक मारायचा, "साहेब, तुमची सोमवारवाली आली." कधी तिलाच म्हणायचा, "गुजरात मोठं आहे भाभी, वेळ लागणारच."

एकदा ती माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "साहेब, त्यांचा चष्मा घरीच आहे."

"मग?"

"जवळचं दिसत नाही त्यांना. एका दिवसाचं भाडं असलं तर नेत नव्हते. पण लांब जायचं असलं तर आधी चष्मा, मग बाकी सामान. गुजरातला कोणी बिनाचष्म्याचं जाते का?"

मी "पाहतो" म्हणालो. हे लिहून घ्यायला हवे होते. लिहिले नाही.

चारेक महिन्यांनी तिचे येणे थांबले. मला सुटल्यासारखे वाटले, हे कबूल करायला आज लाज वाटते. तिने नशिबाशी जुळवून घेतले असेल, असे मी धरून चाललो.

मग उन्हाळ्यातल्या एका दुपारी ती आली. त्या दिवशी सोमवार नव्हता. बाकावर न बसता सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "साहेब, गाडी भेटली."

तिने सांगितले ते मी तिच्याच क्रमाने लिहितो. माणूस कुठे आहे हे आपल्याला कळणार नाही, पण गाडी कोणी नेली असेल तर ती झाकून ठेवणार नाही, कधी ना कधी विकायला काढेल, असे तिच्या मनाने घेतले. म्हणून सोमवारी ठाण्यात बसायचे सोडून ती जुन्या गाड्यांच्या अड्ड्यांवर गिऱ्हाईक बनून जाऊ लागली. सुरुवातीला लोक हसले. "भाभी, चलाएगा कौन?" मग ती सांगू लागली, दीर चालवतो. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहायचे, धूर निळा की काळा ते बघायचे, वाकून मागच्या स्प्रिंगचे पाटे तपासायचे, हे ती बघून बघून शिकली. शिकली नसती तर कोणी गाडीजवळ उभे केले नसते. आणि प्रत्येक ठिकाणी ती शेवटी एकच मागायची, बॉनेट उघडून दाखवा.

"रंग बदलतात साहेब, नंबर बदलतात. पण गाठीला कोणी हात लावत नाही."

गाडी घेतली त्या दिवशी तिने पूजा केली होती. सुपारी आणि अक्षता लाल कापडात घालून, आपल्या लग्नातल्या हिरव्या साडीच्या काठाची पट्टी फाडून, त्याची पुरचुंडी बॉनेटच्या आत बॅटरीशेजारी बांधली होती. बायपासच्या एका अड्ड्यावर, निळ्या रंगाच्या आणि वेगळ्या नंबरच्या पिकअपमध्ये तिला ती दिसली होती. तिथे ती काही बोलली नाही. उद्या दिराला घेऊन येते म्हणून निघून आली.

दुसऱ्या दिवशी मी साधे कपडे घालून तिचा दीर झालो. दोन शिपाई रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसवले. वर्दीत गेलो असतो तर अड्ड्याच्या मालकाने तोंड बंद केले असते. मला गाडी त्याला कोणी दिली ते हवे होते.

मालक बोलका होता, अस्सल भोपाळी. "आओ खां. भाभी कालपण आल्या होत्या. अशी गाडी आता बनत नाही. नव्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे. हिच्यावर हत्ती बसवा."

"हत्तीचं भाडं मिळालं तर बसवू," मी म्हणालो. तो हसला. बाई हसली नाही. ती गाडीच्या दाराला हात लावून उभी होती.

मी गाडीखाली वाकलो. चेसिसवर कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उमटते. जुनी गाडी घेणारे शहाणे गिऱ्हाईक हे करतेच, त्यामुळे त्याला संशय आला नाही. छाप बघितली. दोन आकडे बाकीच्यांपेक्षा खोल होते आणि ओळीतून जरा सरकलेले होते. नंतर कोणीतरी ठोकून बदलले होते.

मग बॉनेट उघडले. काजळी बसून कापड काळे पडले होते, पण हिरवा काठ ओळखू येत होता. मी सहज विचारल्यासारखे म्हणालो, "हे काय बांधलंय? काढून टाका ना."

मालकाने माझा हात धरला. "ना ना, राहू दे. देवाचं आहे. ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं. आम्ही इतक्या गाड्या विकतो, याला हात लावत नाही."

"मग याच्या मालकाने का नाही सोडलं?"

त्याने माझा हात सोडला. बाई पहिल्यांदाच बोलली, हळू आवाजात, माझ्याशी. "विकली असती तर त्यांनी सोडली असती. पहिली गाडी विकली तेव्हा असंच केलं होतं. गाठ सोडून नर्मदेत टाकून आले, मगच चावी दिली."

मी रस्त्यापलीकडे बघून शिपायांना खूण केली. मालकाला ठाण्यात आणल्यावर त्याने तासाभरात विकणाऱ्याचे नाव सांगितले. तो मंडीदीपचाच एक चालक निघाला. बाईच्या नवऱ्याबरोबर चहा पिणारा, दिवाळीत त्यांच्या घरी फराळाला येऊन गेलेला.

चौकशीत तो अजिबात घाबरला नाही. म्हणाला, "गाडी त्याने मला रीतसर विकली आणि गुजरातला गेला." मी पुन्हा विचारले. पुन्हा तेच. मग तो अगदी शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्हीच तर लिहिलंय की तो घर सोडून गेला. साऱ्या वस्तीला माहीत आहे."

खोलीत आणखी दोघे होते. कोणी माझ्याकडे पाहिले नाही. इतके महिने तो माणूस माझ्या ओळीच्या आडोशाने राहत होता.

संध्याकाळ होत आली तेव्हा मी जप्त केलेली पुरचुंडी टेबलावर ठेवली. "गाडी त्याने तुला विकली?"

"हो."

"मग ही त्याने का सोडली नाही? आणि तू घेतलीस तर तुझी पूजा कुठे आहे? नंबर ठोकलास, रंग मारलास. ही तेवढी ठेवलीस."

त्याने पुरचुंडीकडे पाहिले. मग म्हणाला, "हात नाही धजला."

"आणि त्याच्यावर धजला?"

त्याने मान खाली घातली. त्यानंतर जे सांगितले ते पंचांसमोर लिहून घेतले. खोट्या भाड्याला नेऊन, जंगलातल्या वळणावर गाडी थांबवून त्याने मागून घाव घातला होता. त्याने दाखवलेल्या नाल्याशी आम्हाला जे मिळाले, त्यावरून माणूस ओळखता येत नव्हता. हातातले कडे बाईने ओळखले. पुढे नागपूरहून आलेल्या, नवऱ्याच्या धाकट्या भावाच्या रक्ताच्या नमुन्यावरून खात्री झाली. खटला चालला, शिक्षा झाली.

ओळख पटली त्या दिवशी बाई ठाण्यात रडली नाही. म्हणाली, "साहेब, ती ओळ खोडा."

मी तिला समजावले की रोजनामच्यात काही खोडता येत नाही. त्या त्या तारखेला नवी नोंद होते, जुनी तशीच राहते. तिने विचारले, "म्हणजे दोन्ही राहतील?" मी हो म्हणालो. तिच्यासमोर नवी नोंद लिहिली आणि मराठीत वाचून दाखवली. तो स्वतःहून गेला नव्हता. त्याला नेऊन मारले होते. तिने ते दोनदा वाचायला लावले. "याची नक्कल द्या. आईंना वाचून दाखवायची आहे. रोज तेच ऐकते मी."

नक्कल तयार झाल्यावर मी स्वतः घेऊन गेलो. एवढे तरी करावे असे वाटले. म्हातारी खाटेवर होती, आधीपेक्षा बरीच वाळलेली. पावलांच्या आवाजावरून तिने विचारले, "पोलीस आहेत का? लागला का पत्ता?"

मी बाईकडे पाहिले. तिच्या गळ्यात मंगळसूत्र होते, कपाळाला टिकली. धाकट्या भावाने नर्मदेवर सगळे विधी करून आठवडा झाला होता. तिने माझ्या हातातून कागद घेतला, न उघडता चार घड्या केल्या आणि कमरेला खोचला.

"लागला आई. गुजरातला आहेत. साहेबांशी फोनवर बोलले."

म्हातारीचा चेहरा उजळला. मग लगेच आवाज चढला. "बघ. म्हणत होते ना मी? तुझ्या तोंडामुळे गेला."

"हो आई. माझंच चुकलं."

मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, थोडे दिवस आहेत. त्यांचा पोरगा जिता राहू द्या तवरक." ज्या ओळीशी ती एवढे महिने भांडली, तीच आता ती त्या घरात जपत होती.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे लोक विचारतात. मी तरुण अधिकाऱ्यांना एवढेच सांगत आलो की घरच्या बाईने चष्म्याची गोष्ट सांगितली तर आधी ती लिहून घ्या. आपले मत लिहायला नंतर वेळ असतो. याहून मोठे काही मला सांगता येत नाही. दोन्ही नोंदी त्या ठाण्यात आजही असतील, दोन्ही माझ्याच अक्षरात.

पाऊसकाळ सरता सरता म्हातारी गेली. त्यानंतर एकदा महाराणा प्रताप नगरच्या चौकात बाई मला दिसली, दोन्ही हातांत डब्यांच्या पिशव्या. तिने ओळख दिली, मान हलवली आणि पुढे गेली. तिचा गळा मोकळा होता.