नवसाचा मंगळवार आणि आट्याची पिशवी

"ऑस्टिओपोरोसिस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी सातवी नापास. एवढं लांब नाव म्हणजे आपण गेलोच, असं वाटलं. शेजारी बसलेली माझी सून केतकी म्हणाली, "आई, हाडं ठिसूळ झालीयेत."

त्याच्या महिनाभर आधी जिन्यात तिलाच "हळू उतर गं" म्हणून ओरडत होते. ओरडता ओरडता मीच खाली पोचले. मनगट मोडलं. मग डेक्सा स्कॅन झाला. आडवं पडायचं, वरून मशीन फिरतं, हाडं किती भरीव ते बघतं. दुखत नाही. मी उगाच रामरक्षा म्हटली, अर्धी येते तेवढी.

घरी आल्यावर केतकी मला काही उचलूच देईना. केटल नाही, कुकर नाही. आट्याची दहा किलोची पिशवी तर लांबच, केतकी तयार चपात्यांची पाकिटं आणायला लागली. आमच्या लंडनमधल्या, इल्फर्डच्या घरात मी शोकेसमधल्या बाहुलीसारखी. हाडांची नाही, दिवसभर बसवून ठेवायचे त्या खुर्चीची मला भीती वाटायला लागली. एकदा बसले की उठणार नाही.

मनगट भरून आलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळी चालू ठेवा, आणि वजनं उचला." केतकीनं दोनदा विचारून घेतलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "ओझं पेलायची सवय झाली की हाडाला बळ येतं. पण शिकवणाऱ्यासमोरच करायचं."

दर मंगळवारी लेझर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या व्यायामशाळेत, क्लास. शिकवणारी जोॲन. पहिल्या दिवशी पंजाबी ड्रेसखाली लेकाचे बूट घालून गेले. तिनं एक किलोचं डंबेल दिलं, मला हसू आलं. दहाव्यांदा उचलताना हसू गेलं. शेजारी सत्तरीची गोरी आजी पाच किलो घेऊन माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होती.

पण मी अतिशहाणी. हाडं सुधारावीत म्हणून गुपचूप देवीला नवस बोलले होते, मंगळवार करीन, नुसत्या चहावर. तिसऱ्या मंगळवारी डोळ्यापुढे अंधारी आली. जोॲननं बाकावर बसवलं, पाणी दिलं.

"काय खाल्लंस?"

"टी."

"नुसता चहा? का?"

"फॉर माय बोन्स."

जोॲननं बाहेर थांबलेल्या केतकीला बोलावलं, मग मला नवसाचं सांगावंच लागलं. केतकीनं कपाळाला हात लावला. "आई, देवी म्हणाली होती का उपाशी राहा?"

"नाही गं, मीच म्हणाले."

"मग आता तुम्हीच सांगा तिला."

सांगितलं. उपवासाच्या बदल्यात तुझ्या नावानं रोज दहा उठाबशा काढीन. देवीनं काही हरकत घेतली नाही. आता मंगळवारी मुगाची धिरडी आणि वाटीभर दही खाऊन जाते.

बायांनो, नाव ऐकून घाबरू नका. डॉक्टरला विचारा, एक किलोनं सुरू करा, आणि माझ्यासारखं उपाशीपोटी जाऊ नका.

आठ महिने झाले. जोॲननं दहा किलोला हो म्हटलं. शनिवारी गाडीच्या डिकीत आट्याची पिशवी होती. गुडघे वाकवले, पाठ सरळ, पिशवी पोटाशी, आणि उचलली. थेट किचनपर्यंत. केतकी दोन्ही हात पसरून मागे मागे.

मी ओट्यावर पिशवी ठेवली. "काय गं, मला झेलणार होतीस?"

"तुम्हाला कशाला? आट्याला," ती म्हणाली, आणि परात काढून माझ्यासमोर ठेवली.