बंडीआडून फोकस

देवळीच्या चंद्रभानचं मुंबईतलं काम घरी कुणाला कधी नीट कळलं नाही. तो सिनेमात फोकस पुलर होता. नट पुढं आला, मागं सरला, की त्या अंतराप्रमाणे भिंगावरची कडी फिरवायची आणि चेहरा धूसर होऊ द्यायचा नाही, एवढंच ते काम. आई रुख्माबाई शेजारणींना सांगे, कॅमेरा दुसराच चालवते, आमचा बाजूले बसून त्याचा कान पिळते.

दोन हजार चारच्या दिवाळीनंतर त्याचंच युनिट देवळीजवळच्या एका वावरात आलं. कापूस वेचणाऱ्या एका बाईनं डोक्यावर गाठोडं घेऊन ओळीतून सरळ कॅमेऱ्याकडे यायचं, थांबायचं आणि भिंगात पाहायचं, असा शॉट होता. दिग्दर्शकानं तीस बायांतून नेमकी मीराबाई निवडली. ती चंद्रभानच्या धाकट्या भावाची, प्रफुलची बायको.

भासऱ्याला, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाला, तोंड दाखवायचं नाही, ही त्या घरची रीत. चंद्रभान घरात शिरताना खाकरे आणि मीराबाई आत जाई. अकरा वर्षांत त्यानं तिचा चेहरा पाहिला नव्हता. आणि आता तो कॅमेऱ्याला अगदी खेटून बसलेला.

पहिल्या खेपेला ती अर्ध्यावर आली, भासरा दिसला, तिनं पदर ओढला आणि गाठोडं खाली. दुसऱ्या खेपेला ती पाठमोरी उभी राहिली. तिसऱ्या खेपेला समोर आली खरी, पण नाकापर्यंत पदर. दिग्दर्शकानं समजावून पाहिलं. ती बांधावर बसलेल्या सासूच्या कानात बोलली आणि रुख्माबाईनं निरोप दिला, "थे म्हणते, भासरे तिथून उठले तर दिवसभर पाहीन त्या भिंगात."

रीळ वाया चाललं होतं. कॅमेरामननं चंद्रभानला उठायला सांगितलं; या शॉटपुरता पोरसवदा मदतनीस बसेल. त्या भिंगावर चार बोटांची चूक खपत नव्हती आणि मदतनिसाचा हात अजून कच्चा होता. शिवाय बांधावर अर्धी देवळी जमलेली. सोळा वर्षं मुंबईत करतो काय, हे दाखवायची वेळ आली आणि आपणच उठायचं, हे चंद्रभानला सोसवेना.

युनिटकडे एक नवीन यंत्र होतं. भिंगाला मोटर लावायची आणि दूर उभं राहून हातातल्या डबीवरची चकती फिरवायची. मध्ये तार नाही. चंद्रभाननं ते पेटीतच ठेवलं होतं. दुरून भाकर थापता येते काय, असं तो म्हणे. आज त्यानं मुकाट्यानं पेटी उघडली.

डबी घेऊन तो बाजूच्या कापूस भरलेल्या बैलबंडीआड जाऊन बसला. तिथून चाकाच्या आऱ्यांमधून मीराबाईची फक्त पावलं दिसत. त्याला तेवढीच पाहायची मुभा होती. ओळीतल्या दोन झाडांत दोन फुटांचं अंतर; ती पेरणारा त्याचाच चुलता, त्यामुळे विश्वास होता. त्यानं चकतीवर पेन्सिलीनं झाडं मांडली. तिचं पाऊल एक झाड ओलांडी आणि चकती एक रेघ सरके. शेवटच्या झाडापाशी पावलं थांबली, त्याचा हात थांबला. तिकडून कॅमेरामन म्हणाला, "ओके."

खरी परीक्षा वर्षभरानं, वर्ध्याच्या टॉकीजमध्ये. सगळं घर एका रांगेत बसलं होतं. तो शॉट आला तसा चंद्रभाननं मान खाली घातली आणि प्रफुलला कोपरानं डिवचलं. "कशी दिसून राह्यली?"

"एकदम साफ, दादा. कानातला मोती दिसून राह्यला."

चंद्रभाननं प्रफुलचं मनगट धरलं. मोती साफ म्हणजे फोकस कानावर. मग डोळे गेले. "डोळे पाय, डोळे. पापण्या दिसते का?"

"मले काय समजते त्याच्यातलं? तूच पाय ना."

इकडे रीत, तिकडे पापण्या. चंद्रभाननं क्षणभर देवाचं नाव घेतलं आणि मान वर केली. पडद्यावर वीस फुटी मीराबाई रोखून पाहत होती. पापणी न् पापणी वेगळी, डाव्या भिवईवर कापसाचा तंतू, तोसुद्धा साफ. त्याचा श्वास मोकळा झाला आणि मान पुन्हा खाली गेली.

रांगेच्या टोकाला, सासूपलीकडे, मीराबाई अंधारात हनुवटीपर्यंत पदर ओढून बसली होती. भासरे तिच्याकडे पाहत होते ना.